खानदेशातील विकास आराखडा, प्रादेशिक योजना आणि जमिनीवर लागू होणारी इतर धोरणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत वावर, प्लॉट किंवा जुने घर असलेल्यांसाठी आणि ते घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहेत. वेगळा उल्लेख नसेल तिथे 'कलम' म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम समजावे.

प्रश्न : प्रादेशिक योजना आणि विकास आराखडा यांत फरक काय? माझ्या गटाला कोणता लागू आहे?

विकास आराखडा, म्हणजे बोलीतला 'डी.पी.', महानगरपालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायत आपल्या हद्दीसाठी करते. जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार, शहादा अशा शहरांच्या हद्दीत तो लागू असतो. कोणती जमीन निवासी, वाणिज्य, औद्योगिक किंवा शेती विभागात आहे हे त्यात ठरते. रस्त्यांची रुंदी ठरते आणि शाळा, बगीचा, बाजार, दवाखाना यांची आरक्षणे क्रमांकासह दाखवलेली असतात.

प्रादेशिक योजना शहरांबाहेरच्या गावांसह मोठ्या प्रदेशासाठी असते. तिच्यात विभाग, मुख्य रस्ते, वने, जलाशय आणि वाढ कुठे होऊ द्यायची याची दिशा असते. गल्लीतल्या रस्त्यापर्यंतचा तपशील तिच्यात शोधू नये.

गट शहराच्या हद्दीत असेल तर पालिकेच्या नगररचना विभागात चौकशी करावी. हद्दीबाहेर असेल तर जिल्ह्याच्या सहायक संचालक, नगररचना यांच्या कार्यालयात जावे. हद्दवाढ झालेल्या भागात मात्र जपून राहावे. गाव पालिकेत आले म्हणून पालिकेचा आराखडा त्या दिवसापासून तिथे लागू होत नाही. कलम ३४ खाली वाढीव क्षेत्राची वेगळी प्रक्रिया होते आणि ती पूर्ण होईपर्यंत प्रादेशिक योजनेतला विभाग पाहिला जातो. जळगाव किंवा धुळ्याच्या कडेला प्लॉट घेणाऱ्याने 'हे क्षेत्र मूळ हद्दीतले की वाढीव हद्दीतले?' हा प्रश्न आधी विचारावा.

प्रश्न : दोन्हींत विरोध असेल तर कोणाचे चालते?

कलम २७ नुसार विकास आराखडा करताना पालिकेने प्रादेशिक योजनेतले प्रस्ताव विचारात घ्यायचे असतात आणि त्यांचे मार्गदर्शन मानायचे असते. आराखडा एकदा शासनाने मंजूर केला की त्या हद्दीत परवानगी देताना आराखडाच पाहिला जातो. प्रादेशिक योजनेत ती जमीन हिरवी, म्हणजे शेती विभागात होती हे कारण सांगून परवानगी अडत नाही. उलट, योजनेत ती विकासयोग्य होती म्हणून मंजूर आराखड्यातले आरक्षणही उठत नाही.

नगररचना परियोजना, म्हणजे 'टी.पी. स्कीम', हा तिसरा थर आहे. तिच्यात एखाद्या भागातल्या जमिनींची फेरआखणी करून रस्ते व अंतिम भूखंड ठरवतात. अंतिम परियोजनेतले प्रस्ताव आराखड्याशी विसंगत असतील तर आराखड्याशी जुळेल एवढ्यापुरती परियोजना बदलून घ्यावी, असे कलम ३९ सांगते.

प्रश्न : मुंबई-पुण्यासारखी महानगर प्रदेशाची योजना जळगाव-भुसावळ पट्ट्याला का नाही?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ झेड-ई प्रमाणे महानगर नियोजन समितीसाठी महानगर क्षेत्राची लोकसंख्या किमान १० लाख लागते. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या ४,६०,२२८ आणि धुळ्याची ३,७५,५५९ होती. म्हणून इथे शहराचा आराखडा, भोवतालची प्रादेशिक योजना आणि अनुच्छेद २४३ झेड-डी खालची जिल्हा नियोजन समिती यांतूनच मेळ घालावा लागतो.

हा मेळ आपोआप बसत नाही. जळगाव आणि भुसावळ यांच्यामधला पट्टा प्रत्यक्षात एका शहरासारखा वाढत आहे. पण रस्ता एका आराखड्यातून दुसऱ्याच्या हद्दीत शिरताना त्याची रुंदी किंवा रेषा जुळतेच असे नाही. दोन हद्दींच्या सीमेवर जमीन असेल तर दोन्हीकडचे भाग नकाशे, म्हणजे आपल्या गटापुरते मूळ नकाशाचे उतारे, काढून शेजारी ठेवून पाहा. हे काम अर्ध्या दिवसात होते आणि पुढची मोठी फसगत टळते.

प्रश्न : आराखड्यात जमीन पिवळी आहे. मग बांधकाम करता येईल ना?

लोक सर्वांत जास्त फसतात ते याच प्रश्नावर. पिवळा रंग म्हणजे निवासी वापर आराखड्याच्या दृष्टीने चालतो, एवढेच. जमिनीवर इतर कायद्यांचे जे थर असतात ते या रंगाने नाहीसे होत नाहीत, आणि त्यांतले बरेच थर आराखड्याच्या नकाशावर दिसतही नाहीत.

पहिला थर आराखड्याचाच असतो. विभाग पिवळा असला तरी प्लॉटवरून १२ किंवा १८ मीटरचा प्रस्तावित रस्ता जात असेल, कोपऱ्यावर आरक्षण असेल, तर उरलेले क्षेत्रच वापरायला मिळते.

दुसरा थर नियमावलीचा. २ डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रे सोडून राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. जमीन कशासाठी हे आराखडा सांगतो. किती, किती उंच, किती अंतर सोडून हे नियमावली सांगते. चटई क्षेत्र (एकूण किती बांधकाम चालते), सामासिक अंतरे (प्लॉटच्या कडेने मोकळी सोडायची जागा), पार्किंग आणि पोहोच रस्त्याची रुंदी हे सगळे तिच्यात आहे. प्लॉट पिवळा असूनही पोहोच रस्ता पुरेसा रुंद नसला तर अपेक्षित इमारत उभी राहत नाही. ४,००० चौ. मी. किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा ले-आउट करताना १० टक्के खुली जागा सोडावी लागते. ती जागा नंतर 'शिल्लक प्लॉट' म्हणून विकली जाते तेव्हा घेणाऱ्याचे पैसे बुडतात.

तिसरा थर महसुलाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-अ ते ४२-ड मुळे आराखडा किंवा प्रादेशिक योजना असलेल्या क्षेत्रात जुन्या पद्धतीच्या स्वतंत्र एन.ए., म्हणजे अकृषिक वापराच्या, आदेशाची गरज बरीच कमी झाली आहे. तरी जमीन भोगवटादार वर्ग-२ ची, म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतरित न होणारी, आहे का ही तपासणी सुटत नाही. सातबाऱ्यावर 'वर्ग-२', इनाम, वतन, सीलिंग, पुनर्वसन किंवा आदिवासी खातेदार असा उल्लेख असेल तर रंग कोणताही असो, आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.

चौथा थर केंद्र व राज्याच्या खास कायद्यांचा आहे : महामार्ग, रेल्वे, विमानतळ, संरक्षण, वने, पुरातत्त्व, पाटबंधारे. राज्याचा आराखडा मंजूर झाला म्हणून केंद्राच्या कायद्यातले निर्बंध शिथिल होत नाहीत. जिथे दोन निर्बंध एकाच वेळी लागू होतात तिथे व्यवहारात जो जास्त कडक तोच धरून चालावे.

प्रश्न : नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला आहे, जुना अजून चालू आहे. परवानगी कोणत्या आधारावर मिळेल?

दोन्ही पाहून. कलम ४६ नुसार परवानगी देताना मंजूर आराखड्याबरोबर प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्यातले प्रस्तावही लक्षात घ्यावे लागतात. जुन्यात निवासी आणि नव्यात बगीचा असेल तर परवानगी अडते. जुन्यात शेती आणि नव्यात निवासी असेल तरी मंजुरीआधी निवासी परवानगीची खात्री धरता येत नाही, कारण शासन मंजुरीच्या वेळी तो प्रस्ताव बदलू शकते.

मंजुरीच्या अधिसूचनेत आणखी एक गोष्ट नीट वाचावी लागते. शासनाने केलेले मोठे फेरबदल बाजूला काढून 'वगळलेला भाग' म्हणून पुन्हा हरकतींसाठी ठेवले जातात. त्यांना नगररचनेत 'ई.पी.' म्हणतात. आराखडा मंजूर झाला असे सगळे सांगत असतात, पण तुमचा गट ई.पी. मध्ये अडकलेला असू शकतो. अधिसूचनेला जोडलेल्या अनुसूचीत गट क्रमांक आणि ई.पी. क्रमांक शोधूनच पुढे जावे.

आराखडा २० वर्षांतून किमान एकदा सुधारावा असे कलम ३८ म्हणते. शहराचा आराखडा त्या वयाला आला असेल तर येत्या काळात प्रारूप येणार हे धरूनच खरेदीचा विचार करावा. कलम २३ खालची, नवा आराखडा करण्याचा इरादा जाहीर केल्याची सूचना राजपत्रात आली, की घड्याळ सुरू झाले असे समजावे.

प्रश्न : पांझरा, गिरणा किंवा तापीकाठची जमीन निवासी विभागात आहे. पूररेषेचे काय?

पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा आहे. तिथे बगीचा, पार्किंग, ओट्यांचा उघडा भाजीबाजार, स्मशानभूमी, जलवाहिनी असे मोजके वापर चालतात. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा आहे. तिथे बांधकाम करताना जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच ठेवावे लागते.

इथे गडबड तीन ठिकाणी होते. आराखडा आधी मंजूर झालेला असतो आणि पूररेषा नंतर आखली जाते. त्यामुळे छापील नकाशावर रेषा नसते, तरी परवानगीच्या वेळी ती लागू होते. दुसरे, पूररेषा म्हणजे पाण्याची पातळी असते. ती समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये दिलेली असते. तुमच्या प्लॉटची पातळी त्याच संदर्भबिंदूवरून काढली नसेल तर जोत्याचा हिशेब चुकतो. म्हणून सर्वेक्षकाला संदर्भबिंदू कोणता घेतला ते अहवालात लिहायला लावा. तिसरे, भराव. नदीकाठचा प्लॉट मुरूम टाकून उंच केला की तो रेषेबाहेर गेला असे सांगितले जाते. तसे होत नाही. रेषा मूळ पातळीवरून आखलेली असते, आणि तुमच्या भरावाने अडलेले पाणी समोरच्या काठावरच्या वस्तीत शिरते. धुळ्यासारख्या, मधून नदी वाहणाऱ्या शहरात हा परिणाम थेट शेजाऱ्याच्या घरात जातो. त्यामुळे या मुद्द्यावर सवलत मागूही नये आणि देऊही नये.

नाले व लवणांबाबतही हीच सावधगिरी हवी. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा नाला सातबाऱ्यावर पोटखराब (लागवडीस अयोग्य) म्हणून आणि गाव नकाशावर दुहेरी रेषेने दाखवलेला असतो. ले-आउटमध्ये तो बुजवून रस्ता दाखवला असेल तर ती मंजुरी खरी आहे का ते तपासा.

प्रश्न : महामार्ग, रेल्वे आणि वीजवाहिन्या यांचे निर्बंध आराखड्यात दाखवलेले असतात का?

काही वेळा असतात, पण त्यावर विसंबू नये.

सुरत-धुळे-जळगाव-नागपूर राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि धुळ्यावरून इंदूर व सोलापूरकडे जाणारा ५२ हे खानदेशातले दोन मोठे मार्ग. मोकळ्या भागात महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटर ही इमारत रेषा आणि ७५ मीटर ही नियंत्रण रेषा धरली जाते. नागरी भागात अंतरे वेगळी असतात, म्हणून सक्षम अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावी. बाह्यवळण झाल्यावर जुना मार्ग शहराकडे हस्तांतरित होऊ शकतो, तसे झाले की त्याचे नियम बदलतात. जळगावच्या पाळधी ते तरसोद बाह्यवळणासारख्या ठिकाणी नव्या मार्गालगतच्या जमिनींना 'हायवे टच' म्हणून भाव येतो. पण महामार्गाला लागून जमीन असणे वेगळे आणि महामार्गावर वाहन उतरवण्याची परवानगी असणे वेगळे. प्रवेश परवानगीशिवाय पेट्रोल पंप, हॉटेल किंवा गोदाम चालवता येत नाही.

महामार्गासाठी भूसंपादन राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली होते. कलम ३-अ ची अधिसूचना आल्यापासून २१ दिवसांत हरकत द्यायची असते. 'माझ्या जमिनीवर डी.पी. चा रस्ताच नव्हता' ही हरकत तिथे टिकत नाही. आखणी, क्षेत्राची चूक, विहीर, पाइपलाइन, उरलेल्या तुकड्याला वाट नसणे यांवर हरकत लिहावी. इंदूर-मनमाड नव्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. धुळे जिल्ह्यातल्या आखणीवरच्या गावांनी खरेदीआधी संपादनाच्या अधिसूचना पाहणे आवश्यक आहे. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधकामाला रेल्वेची ना हरकत लागते.

वीजवाहिन्यांकडे फार दुर्लक्ष होते. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्या अनेक गावांच्या शिवारांतून जातात. ११ ते ३३ केव्ही वाहिनीपासून इमारतीचे आडवे अंतर किमान २ मीटर हवे. त्यापुढे प्रत्येक ३३ केव्ही किंवा त्याच्या भागाला ०.३ मीटर वाढते. १३२ केव्हीच्या वाहिनीसाठी २७ मीटर आणि २२० केव्हीसाठी ३५ मीटर रुंदीचा मार्गपट्टा धरला जातो. तीन गुंठ्यांच्या प्लॉटवरून असा पट्टा गेला तर हातात काहीच उरत नाही.

विमानतळाजवळ, म्हणजे जळगावच्या कुसुंबा-नशिराबाद बाजूला, इमारतीच्या उंचीसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाची ना हरकत पाहावी. भुसावळ आणि वरणगाव आयुध निर्माणींच्या परिसरात संरक्षण खात्याच्या निर्बंधांची चौकशी करावी.

प्रश्न : एमआयडीसीच्या अधिसूचित क्षेत्रात कोणाचा आराखडा?

महामंडळाचा, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा (एमआयडीसी). औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ खाली अधिसूचित झालेल्या क्षेत्रात महामंडळ विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून काम करते आणि त्याची स्वतःची विकास नियंत्रण नियमावली असते. जळगाव, भुसावळ, धुळ्याजवळ अवधान, शिंदखेडा तालुक्यात नरडाणा, नंदुरबार आणि नवापूर इथे अशी क्षेत्रे आहेत. भूखंडधारकाने पालिकेकडे नव्हे, महामंडळाकडे नकाशा सादर करायचा.

अडचण होते ती क्षेत्राच्या अगदी बाहेरच्या शेतकऱ्याची. नरडाणा परिसर दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या नियोजनात गुंतवणूक क्षेत्र म्हणून आला, तेव्हापासून आसपासच्या जमिनी 'एमआयडीसीत जाणार' म्हणून विकल्या जातात. मार्गिकेच्या धोरणपत्रात नाव असणे म्हणजे भूसंपादन नव्हे आणि विभाग बदलही नव्हे. राजपत्रातली अधिसूचना, त्यातला गट क्रमांक आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कातली नोंद, या तीन गोष्टी दिसल्याशिवाय भाव देऊ नये.

प्रश्न : सातपुड्याच्या पायथ्याला, अभयारण्याजवळ किंवा आदिवासी गावात प्रादेशिक योजना पुरेशी आहे का?

नाही. यावल अभयारण्य, शिरपूर तालुक्यातले अनेर धरण अभयारण्य आणि चाळीसगावकडचे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य यांच्याभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध पाहावे लागतात. अशा क्षेत्रासाठी स्वतंत्र विभागीय महायोजना करण्याची अट अधिसूचनेत असते, आणि प्रादेशिक योजनेतल्या परवानग्या तिच्या अधीन होतात. खाणी, दगड क्रशर, मोठी रिसॉर्ट यांची गाडी इथेच अडते.

अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत, म्हणजे अक्राणी, अक्कलकुवा, नवापूर, तळोदा यांसह साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतल्या अधिसूचित गावांत, पेसा कायदा १९९६ मुळे भूसंपादनाआधी ग्रामसभेशी विचारविनिमय करावा लागतो. वनहक्क कायदा २००६ खाली मिळालेला पट्टा वारसाने जातो, पण विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ खालची परवानगी लागते. प्रादेशिक योजनेत जमीन 'विकासयोग्य' दाखवली म्हणून यातले एकही संरक्षण कमी होत नाही. 'झोन दाखला (जमीन कोणत्या विभागात आहे त्याचा दाखला) आहे, काळजी करू नका' असे सांगून नोटरीच्या कागदावर जमिनी काढून घेतल्या जातात. त्या कागदाने मालकी येत नाही, आणि ज्या घरातून जमीन गेली त्याचे नुकसान पिढ्यानपिढ्या भरून येत नाही.

चांगदेव मंदिर किंवा साक्री तालुक्यातल्या बळसाणे इथल्या मंदिरांसारख्या केंद्र संरक्षित स्मारकांपासून १०० मीटर निषिद्ध आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते.

प्रश्न : केळीच्या पट्ट्यातली बागायत जमीन निवासी करून घेता येईल का?

रावेर-यावल भागातली जमीन धरण-कालव्याच्या लाभक्षेत्रात असेल तर जलसंपदा विभागाचे मत लागते. पाटाच्या पाण्यावर सार्वजनिक पैसा खर्च झालेला असतो, म्हणून अशा जमिनी शेतीतच ठेवण्याकडे धोरणाचा कल आहे, आणि तो योग्य आहे. हे दोन तालुके भूजलाच्या अतिशोषणासाठी ओळखले जातात. नव्या वसाहतीला पाणी कुठून देणार याचे उत्तर ले-आउटच्या अर्जाबरोबर हवे. बोअरवेल दाखवून ते उत्तर होत नाही.

शेती विभागात सगळे बंद आहे असे मात्र नाही. केळी पिकवण केंद्र, शीतगृह, गोदाम, शेतघर असे वापर नियमावलीत अटींसह येतात. शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर जमीन लागते. ज्याला शेतमालाचा धंदाच करायचा आहे त्याने विभाग बदलाच्या मागे न लागता आधी ही यादी वाचावी.

प्रश्न : माझ्या जमिनीवर वर्षानुवर्षे आरक्षण आहे आणि पालिका ती घेतही नाही. उपाय काय?

कलम १२६ खाली पालिका तीन मार्गांनी जमीन घेऊ शकते : समजुतीने रक्कम देऊन, विकास हक्क म्हणजे टी.डी.आर. किंवा चटई क्षेत्र देऊन, किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्याने.

यांतले काहीच झाले नाही तर कलम १२७. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षे झाली की मालक किंवा हितसंबंधित व्यक्तीने 'खरेदी सूचना' द्यायची. त्यानंतर २४ महिन्यांत जमीन घेतली गेली नाही किंवा संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. पावले म्हणजे नुसता पत्रव्यवहार किंवा ठराव नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले. मालकी दाखवणारी कागदपत्रे जोडली नाहीत म्हणून बऱ्याच सूचना फेटाळल्या जातात. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार, मोजणीची क-प्रत (भूमी अभिलेखाचा मोजणी नकाशा), भाग नकाशा, आरक्षण क्रमांक आणि सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या एवढे जोडून, पोच घेऊन सूचना द्यावी. २४ महिने पोच मिळाल्याच्या तारखेपासून मोजावेत. व्यपगत झाल्यावर राजपत्रात तशी अधिसूचना निघावी यासाठी पाठपुरावा करावा, नाहीतर पुढच्या खरेदीदाराला बँक कर्ज देत नाही.

आरक्षण व्यपगत झाले म्हणजे जमीन आपोआप व्यापारी झाली असे नाही. शेजारच्या जमिनीला जो वापर मान्य आहे तोच तिला मिळतो.

प्रश्न : 'पिवळ्या झोनमधला दोन गुंठ्यांचा तुकडा' घ्यावा का?

शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला बंदी करणारा तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे. २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतासाठी २० गुंठे आणि बागायतासाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरले. मंजूर ले-आउटमधला प्लॉट वेगळा आणि शेताच्या बांधाला चुन्याने रेघा मारून पाडलेला तुकडा वेगळा. या कायद्यात अलीकडे दुरुस्त्या झाल्या आहेत, म्हणून दस्ताच्या तारखेला लागू असलेली तरतूद दुय्यम निबंधकाकडून समजून घ्या. परवानगीशिवाय पाडलेले लहान प्लॉट नियमित करणाऱ्या २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्रकार आणले गेले, पण आरक्षणावरची किंवा आराखड्यातल्या रस्त्यावरची बांधकामे त्याने सुटत नाहीत.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला घराची नोंद आहे, कर भरला जातो, हाही पुरावा पुष्कळ ठिकाणी पुढे केला जातो. ती नोंद करवसुलीची आहे. बांधकाम परवानगीची जागा ती घेत नाही.

प्रश्न : अमृत, घरकुल, पाणीपुरवठा अशा योजना आणि आराखडा यांचा संबंध काय?

योजना पैसा देतात, जमिनीचा वापर बदलत नाहीत. जिल्हा नियोजन समितीने दवाखान्याला निधी मंजूर केला आणि निवडलेली जागा आराखड्यात क्रीडांगण असली, तर मंजूर आराखड्यात कलम ३७ चा फेरबदल होईपर्यंत काम नियमात बसत नाही. निधी मार्चमध्ये परत जातो तो अशा कारणांनी. प्रस्ताव पाठवतानाच भाग नकाशा जोडायची शिस्त नगरपरिषदांनी ठेवली तर हे टळेल.

दुसरी विसंगती लोकसंख्येची. आराखडा एका वर्षाची अंदाजित लोकसंख्या धरतो आणि पाणी योजनेचा अहवाल दुसऱ्या वर्षाची. त्यामुळे जिथे नवे निवासी विभाग दाखवले तिथे जलकुंभ नसतो आणि जिथे जलकुंभ आहे तिथे वाढ होत नाही. प्रारूप आराखड्यावर हरकत घेताना हा मुद्दा आकड्यांसह मांडता येतो, आणि तो वैयक्तिक तक्रारीपेक्षा जास्त वजनाचा ठरतो.

प्रश्न : प्रारूप आराखड्यावर हरकत कशी लिहावी?

सूचना प्रसिद्ध झाल्यापासून मुदत ३० दिवसांची असते. पहिल्या आठवड्यातच नकाशा आणि अहवाल दोन्ही पाहा. अहवाल कोणी वाचत नाही, आणि प्रस्तावामागची कारणे त्यातच असतात. नियोजन समितीपुढे सुनावणी होते. त्या समितीत स्थायी समितीचे सदस्य आणि संचालक, नगररचना यांनी नेमलेले जाणकार असतात.

'आमच्यावर अन्याय झाला' एवढेच लिहिलेल्या अर्जाचे समितीला काहीच करता येत नाही. गट क्रमांक, नकाशाचा शीट क्रमांक, प्रस्तावाचा किंवा आरक्षणाचा क्रमांक, बाधित क्षेत्र चौरस मीटरमध्ये, आणि हरकतीचा आधार लिहा. सगळ्यात भक्कम आधार म्हणजे दुसऱ्या अधिकृत कागदाशी असलेला विरोध : आधी मिळालेली बांधकाम परवानगी किंवा एन.ए. आदेश, पूररेषेचा नकाशा, कालव्याची हद्द, मंजूर ले-आउट, प्रादेशिक योजनेतला रस्ता. मग पर्याय द्या. 'रस्ता नको' असे लिहिण्याऐवजी 'हा १५ मीटर रस्ता गटाच्या मधून न नेता उत्तरेच्या बांधावरून नेल्यास दोन्ही खातेदारांचे समान क्षेत्र जाते आणि पुढच्या चौकाची रेषा तीच राहते' असे लिहून सोबत रेखाटन जोडा. आवक क्रमांक घ्या. सुनावणीला स्वतः जा आणि सुनावणीतही तोच मुद्दा लेखी द्या.

प्रश्न : मुदत गेली. आता झोन बदलता येतो का?

मंजूर आराखड्यात कलम ३७ खाली, प्रादेशिक योजनेत कलम २० खाली. कलम ३७ मध्ये प्रस्ताव पालिकेने करून एक महिन्याच्या हरकती मागवायच्या, मग शासनाकडे पाठवायचा. आराखड्याचे मूळ स्वरूप बदलेल असा फेरबदल या मार्गाने होत नाही. एकट्या गटाचा, चारी बाजूंनी शेती असलेला बदल सहसा टिकत नाही. शेजारचा वापर, पोहोच रस्ता, पाणी व मलनिस्सारण दाखवता आले तरच अर्ज करावा. 'सहा महिन्यांत झोन बदलून देतो' असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्याला काहीही देऊ नये. हा अधिकार शासनाचा आहे.

प्रश्न : मोजणी नकाशा आणि आराखड्याचा नकाशा जुळत नाहीत. कोणता खरा?

दोघांचे काम वेगळे आहे. जमिनीची हद्द भूमी अभिलेखाच्या मोजणीने ठरते आणि प्रस्तावाची रेषा आराखड्याने. १:५००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर जागा व्यापते. १:५०,००० च्या प्रादेशिक योजनेत तीच रेघ २५ मीटर होते. म्हणून मोबाइलवरच्या फोटोवर बोट ठेवून 'रस्ता प्लॉटच्या बाहेरून जातो' असे ठरवता येत नाही. त्यातच एकत्रीकरणानंतर सर्व्हे क्रमांकांचे गट क्रमांक झाले, आणि काही नकाशांवर अजून जुने क्रमांक आहेत. जुना-नवा क्रमांक जुळवणारा उतारा तलाठी किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्यावा.

खरेदीपूर्वी हा क्रम ठेवा :

१. सातबारा, जुने फेरफार आणि जुना-नवा क्रमांक उतारा.
२. नगररचना विभागाकडून झोन दाखला व भाग नकाशा, दोन्ही एकाच गटाचे आणि ताज्या तारखेचे. दाखल्यात 'प्रारूप' की 'मंजूर' हा शब्द पाहा.
३. मंजुरीच्या अधिसूचनेत ई.पी. ची अनुसूची, त्यानंतरचे कलम ३७ चे फेरबदल.
४. भूमी अभिलेखाची मोजणी व क-प्रत, आणि शक्य असल्यास नगररचना विभागाकडून प्रस्तावित रस्त्याची जागेवर आखणी.
५. जागेनुसार पाटबंधारे, महामार्ग, रेल्वे, वीज, वन, पुरातत्त्व यांची लेखी माहिती.
६. ले-आउट असेल तर मंजुरीचा मूळ क्रमांक पालिकेच्या नोंदवहीशी ताडून पाहणे, आणि खुल्या जागेचा प्लॉट तर विकला जात नाही ना हे नकाशावर मोजून पाहणे.

चौथी पायरी बहुतेक लोक खर्चामुळे टाळतात. इसाराची मोठी रक्कम देण्याआधीच ती करून घ्यावी, आणि मोजणीचा निकाल विरोधात गेला तर इसार परत मिळेल अशी अट इसार पावतीत लिहून घ्यावी.